चार माळांचा खो-खो

बोरीत शाळेमागच्या पटांगणावर रोज संध्याकाळी पोरींचा खो-खो चालायचा आणि त्याचं घड्याळ राजेश्रीच्या हातात असायचं. घड्याळ म्हणजे तिची तुळशीची माळ.

राजेश्रीचा रोजच्या अकरा माळांचा नेम. सात पहाटे व्हायच्या, उरलेल्या चार दिवेलागणीच्या आत. नेमक्या त्याच वेळेला अर्पिता पटांगणाकडे पळायची. तेरा वर्षांच्या पोरीला एकटीला कुठं सोडायचं, म्हणून राजेश्री पोतं आणि माळ घेऊन तिथंच लिंबाखाली बसायला लागली. पोरींकडे घड्याळ नव्हतं. कुणी मोबाइल आणला की खेळ राहायचा बाजूला आणि सगळ्याजणी त्याच्यावर माना घालून बसायच्या. एक दिवस शेजारच्या धम्मशीलानं शोध लावला, की राजेश्रीकाकूंची एक माळ बरोबर सात मिनिटांत होते. सात मिनिटांचा एक डाव, चार डावांचा एक सामना, आणि काकूंच्या माळाही चारच. खो-खोचे नियम करणाऱ्यानं जणू राजेश्रीला विचारूनच हिशोब बसवला होता.

माळ सुरू झाली की डाव सुरू. माळ डोळ्यांना लावली की डाव खलास.

"काकू, आज माळ पळवायलात तुमी!" हरणाऱ्या बाजूची एखादी पोरगी ओरडायची.

राजेश्री काही बोलायची नाही. नाम चालू असताना मधे दुसरा शब्द काढायचा नाही, हा नेमातला नेम होता. तिचा नवरा बजरंग जिंतूरला बियाण्यांच्या दुकानात होता. तो चारचौघांत सांगायचा, "आमच्या घरी दूध उतू गेलं, चूल विझली, मांजर येऊन उरलेलं पिऊन गेलं. ही बसली बघत. माळ झाल्यावर म्हणती, अवं, दूध गेलं बरं का."

त्यात तिला एक सवय. प्रत्येक मण्याला तिची मान हलकेच पुढे जायची आणि मागे यायची. तिला स्वतःला ते कळायचंही नाही. नवी सून म्हणून आली तेव्हा सासू जाऊबाईंना म्हणाली होती, "ही गुणाची हाय बाई, सगळ्याला हो म्हणती."

पटांगणावरचा कायदाही एकच होता. जी येईल ती खेळेल. कुणी अनवाणी यायची, कुणी शाळेच्या गणवेशात, कुणी कडेवरच्या भावाला राजेश्रीच्या पोत्यावर ठेवून. धम्मशीलाचं अंग थोराड, तिला पळणं जमायचं नाही. खो मिळाला की ती आधी उठायची, मग परकर झाडायची, मग कुणीकडे पळायचं ते विचारायची. तोवर समोरची गडीण दोन खांब फिरून यायची. सगळ्या हसायच्या, धम्मशीला सगळ्यात जास्त हसायची, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी येऊन पटांगणावर पाणी मारायची.

अर्पिताची गोष्ट वेगळी. ती पळायला लागली की बघणाऱ्याचे डोळे मागे पडायचे. खांबाला एका हाताचा विळखा घालून ती असा सूर मारायची, की लिंबाखाली राजेश्रीचा मणी बोटातच अडकायचा. तेवढ्यापुरता डाव लांबायचा. ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी परभणीचे योगीराज सर मोटारसायकलवरून जिंतूरला निघाले होते. सर खो-खोचा संघ चालवायचे. चार तालुक्यांतल्या निवडक पोरी, निळे शर्ट, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याच्या गावी सामने. रस्त्यावरून त्यांना पटांगण दिसलं आणि गाडी थांबली. थांबली ती दीड डाव थांबली. मग त्यांनी कुणाला तरी विचारलं, "ती वेणीवाली कुणाची?" आणि थेट लिंबाखाली आले.

तिसरी माळ चालू होती.

"नमस्कार ताई. मी योगीराज. परभणीला आमची क्रीडा प्रबोधिनी आहे. तुमची मुलगी फार चांगली खेळते हो."

राजेश्रीची मान हलली.

"तिला आमच्या संघात घ्यावं म्हणतो. जानेवारीत सेलूला मोठी स्पर्धा आहे, निदान तोपर्यंत तरी. दर रविवारी यावं लागेल. चालेल ना तुम्हाला?"

मान हलली.

"घरी विचारायचं असेल तर..."

मान हललीच. राजेश्रीनं डोळे मोठे केले, डावा हात वर केला, थांबा म्हणून पंजा दाखवला. सरांना तो आशीर्वाद वाटला. ते खाली वाकले, नमस्कार केला, गाडीच्या डिकीतून प्लास्टिकच्या पिशवीतला एक निळा शर्ट काढला, पटांगणाच्या कडेला जाऊन अर्पिताच्या हातात दिला, तिचं नाव आणि बजरंगचा नंबर वहीत उतरवला. "आई हो म्हणाल्यात," तिला सांगितलं. अजून चाळीस मणी बाकी होते. राजेश्री भराभर मणी ओढायला लागली, पण नामात घाई केली की ते मोजायचं नाही, हाही नेमच. परत मागे जाऊन धरावं लागलं. माळ डोळ्यांना लावून ती उठली तेव्हा रस्त्यावर नुसता धुरळा होता.

घरी बजरंग हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

"अगं, मग फोन लाव त्याला. सांग, मान हालली ती देवाला, तुला न्हवं."

"कसं सांगू?" राजेश्री हळूच म्हणाली. "हातात माळ व्हती."

"मग?"

"माळ हातात असताना एखाद्याला हो गेलं, ते परत कसं घ्यावं? त्यो माणूस वाकून नमस्कार करून गेला."

बजरंगला हे काही नवीन नव्हतं. बारा वर्षांपूर्वी हिनं संकष्टीला चुकून खारी शेंग तोंडात टाकली होती आणि पुढच्या तीन संकष्ट्या निर्जळी केल्या होत्या. त्यानं हात जोडले आणि पंख्याखाली जाऊन बसला.

तेवढ्यात अर्पिता शर्ट घालून बाहेर आली. मोठा होत होता, गुडघ्याला लागत होता. पाठीवर चौदा आकडा.

"आई, खरंच तू हो म्हणलीस?"

पोरीचा चेहरा असा उजळला होता, की राजेश्रीला खोटंही बोलता येईना आणि खरंही. "मान हालली खरी," ती म्हणाली.

अर्पितानं तिला मिठी मारली. झालं, ठरलं.

पहिल्या रविवारी मायलेकी पहाटेच्या एसटीनं परभणीला गेल्या, तिथून जीपनं नांदेडला. दुसऱ्या रविवारी लातूर. मग जालना, मग हिंगोली. राजेश्री प्रत्येक वेळी बरोबर असायची. सातच्या ऐवजी अकराही माळा घरून तीन वाजता उठून करून निघायची. डब्यात पोरीसाठी धपाटे, स्वतःसाठी, उपास असला तर, भगर नाहीतर शेंगदाण्याचा लाडू. जीपमध्ये गाणी लागायची, पोरी नाचायच्या, सरांचा उत्साह तर बघण्यासारखा. सर माणूस सरळ होते, राजेश्रीनं हे कुणापुढेही सांगितलं असतं. पोरींना स्वतःच्या लेकींसारखं जपायचे, कुणी पडली की स्वतः गुडघा धुवायचे. फक्त सामना सुरू झाला की त्यांचं तोंड कोरडं पडायचं आणि नजर गुणफलकावरून हलायची नाही. सोळा जणींतल्या त्याच त्या नऊ जणी मैदानात उतरायच्या. जिंकायच्याही.

अर्पिता सोळांतली चौदावी होती. चौदावीचं काम बाटल्या भरायचं. नांदेडला तिनं बाटल्या भरल्या, लातूरला भरल्या, जालन्याला बाटल्या भरून वर एका ताईच्या बुटाची नाडी बांधली. हिंगोलीला शेवटची दोन मिनिटं उतरली. कुणी तिला खो दिला नाही, ती चौकात बसली आणि शिट्टी झाली.

"शिकायलीस ना गं?" परतताना राजेश्रीनं विचारलं.

"हो की," अर्पिता खिडकीबाहेर बघत म्हणाली. "लय शिकायला मिळायलंय."

तेवढ्यानं भागलं असतं तर ठीक. पण सरांनी एक नियम घालून दिला होता. गावच्या पटांगणावर खेळायचं नाही. ढेकळाची जमीन, पाय मुरगळला तर? पोरीनं ते मनावर घेतलं. आता संध्याकाळी लिंबाखाली पोत्यावर दोघी बसायच्या, राजेश्री माळ घेऊन आणि अर्पिता गुडघ्यांना मिठी मारून. समोर खेळ चालायचा. दिवाळी झाली आणि कारखाने पेटले तशी एक पोरगी आईबापांसोबत ऊसतोडीला गेली. पटांगणावर आठच उरल्या. आठ जणी चौकात बसल्या तर पळणार कोण? मग त्या चौघी-चौघी करून काहीतरी अर्धवट खेळायच्या आणि मधेच लिंबाकडे बघायच्या.

धम्मशीला एकदा आलीच. "अर्पे, ये ना. कोण सांगतंय तुझ्या सरांला?"

"पाय मुरगळला तर?"

"माझा कधी मुरगळला का? एवढं वजन हाय माझं!"

अर्पिता हसली, पण उठली नाही. आपल्या एका मानेनं पोरगी बांधली गेली, असं तिला वाटायचं. पण पोरीला ते हवंच असेल तर? एवढी आनंदली होती शर्ट घालून. विचारावं म्हटलं तर विचारायची चोरी. आणि शब्द तर सेलूपर्यंतचा होता. सेलू होऊ दे, मग बघू, असं म्हणून ती पुढचा मणी ओढायची.

सेलूची स्पर्धा जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी होती. मैदानावर चुन्याच्या रेघा, पताका, कापसाच्या गाड्यांसारखी गर्दी. योगीराज सरांनी पोरींना गोल करून यादी वाचली. स्पर्धेचा नियम असा, की यादीत बाराच नावं. सरांनी बारा वाचली आणि कागद घडी केला.

"उरलेल्या चौघींनी वाईट वाटून घ्यायचं नाही. टाळ्या वाजवणारे पण संघातलेच असतात."

अर्पितानं मान हलवली आणि बाटल्या उचलल्या.

तेवढ्यात फाटकातून एक पिकअप आत आली. तिच्या मागच्या हौद्यात कापडाचा फलक, त्याच्यावर खडूनं लिहिलेलं बोरी, आणि फलकाखाली आठ पोरी. पुढून आप्पाराव उतरले. आप्पाराव सोयाबीनची वाहतूक करायचे. पोरींनी फारच गळ घातली म्हणून गाडी झाडून घेऊन आले होते. डोक्याला मफलर, तोंडात सुपारी.

"राजेश्री, तू हितं? बरं झालं. ह्या पोरींनी माझा जीव खाल्ला. म्हणे अर्ज भरलाय दिवाळीआधीच. मी म्हणलं, आठ जणी कुठं खेळतेत का? तर ही धम्मशीला म्हणती, मामा, तिथं गेल्यावर भेटंल कुणीतरी. हे काय नवरी बघाया आलोत का आपुन?"

टेबलावरच्या पंचांनी तेच सांगितलं. नऊ उभ्या राहिल्या तरच संघ. पाथरीच्या पोरी समोर तयार होत्या. दहा मिनिटं थांबतो, नाहीतर पुढे चाल देतो.

आठही पोरी अर्पिताकडे बघायला लागल्या. अर्पिता आपल्या बुटांकडे बघत राहिली.

"तुझं नाव वाचलं का गं त्येंनी?" धम्मशीलानं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"मी त्या संघात हाय, धम्मे. निळा शर्ट हाय माझा. सर काय म्हणतील?"

राजेश्री दोघींच्या मधे उभी होती. सेलूपर्यंत, असं सर म्हणाले होते. सेलू आलं होतं, पण संपलं नव्हतं. शब्द शेवटच्या शिट्टीपर्यंत धरायचा असतो की फाटकापर्यंत, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं तिनं वाचलं नव्हतं. पंचांनी मनगटावर बघितलं. राजेश्रीनं पदर खोचला आणि सरांकडे चालू लागली. आयुष्यात तिनं कुणाचा रस्ता अडवला नव्हता. आज मैदानाच्या रेघेवर जाऊन सरांच्या समोरच उभी राहिली.

"सर, एक सांगायचंय."

"ताई, आमचा सामना लागतोय आता."

"मी हो म्हणलेच न्हवते."

सरांना कळेना. "कशाला?"

"भाद्रपदात. तुमी आलात तवा माझी माळ चालू व्हती. मणी वडताना माझी मान हालती. ते तुमाला हो वाटलं. नामात बोलता येत न्हाई, म्हणून मी हात केला, तर तुमी पाया पडलात." एका दमात एवढं बोलायची सवय नव्हती, तिचा आवाज चिरकला. "चुकी माझी हाय. पण माळ हातात असताना झालेलं हो, म्हणून चार महिने पाळलं. आता तुमीच मोकळं करा."

बाजूला उभ्या असलेल्या दोन आया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आप्पारावांची सुपारी घशात गेली. सरांनी खात्री करून घेतली.

"म्हणजे चार महिने तुम्ही पहाटेच्या एसटीनं येताय, ते मान हलली म्हणून?"

"अन् पोरीला आवड हाय म्हणून," राजेश्री म्हणाली.

"मला?" मागून अर्पिताचा आवाज आला. बाटल्या हातात घेऊन ती कधी आली ते कळलंच नव्हतं. "आई, मी तर तुझ्यासाठी येत होते! तू कधी कशाला एवढं हो म्हणलेलं मी पाहिलंच न्हवतं. म्हणलं, आईला लय वाटायलंय, तर जावं. मला तर दुसऱ्याच रविवारी कंटाळा आला व्हता!"

"मग बोललीस का न्हाई?"

"तू तरी कुठं बोललीस?"

आता मात्र आप्पाराव मोठ्यानं हसले. "वा रे घर! आई मुकी, लेक मुकी, अन् एसटी मातर भरभरून चालली!"

सर हसले नाहीत. त्यांना थोडं लागलं असावं. त्यांनी टोपी काढली, परत घातली, घडी केलेली यादी खिशातून काढून बघितली, जणू नाव उगवलं असेल तिथं. "दुसऱ्या रविवारीच?" त्यांनी अर्पिताला विचारलं.

"बसून कंटाळा आला, सर. तुमी चांगले हाव."

"हं." ते पंचांकडे वळले आणि ओरडले, "माझ्या यादीत नाही ती. बोरीकडून घ्या." मग अर्पिताला म्हणाले, "शर्ट?"

अर्पितानं एका तंबूमागे जाऊन तो उलटा करून घातला. पाठीवरचा चौदा आत गेला, शिवण बाहेर आली. नऊ पोरी रेघेवर उभ्या राहिल्या. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या नाही.

सामना कसा झाला हे सांगण्यात फारसा अर्थ नाही. पाथरीच्या पोरी तयारीच्या होत्या. त्यांनी बोरीला सात गुणांनी हरवलं, आणि तो आकडाही अर्पिता पळाली म्हणूनच सातावर थांबला. तिच्या एका डावात ती एकटी तीन मिनिटं पळत राहिली, सापडलीच नाही. राजेश्रीला हाताला चाळा हवा होता, पण माळा पहाटेच संपल्या होत्या, तेव्हा ती आप्पारावांच्या मफलरचं टोकच पिळत बसली. आणि शेवटच्या डावात धम्मशीलाला खो मिळाला. ती उठली. परकर नव्हता, सलवार होती, तरी तिनं ती झाडली. कुणीकडे, म्हणून विचारायला तोंड उघडलं आणि पाथरीची एक पोरगी वळणावर घसरून थेट तिच्या अंगावर येऊन आदळली. गडीण बाद! धम्मशीलाला आधी कळलंच नाही. मग तिनं दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या मैदानावरचा पंच शिट्टी वाजवायचं विसरला.

सामना संपल्यावर पोरी पिकअपच्या सावलीत पेरू खात बसल्या होत्या. योगीराज सर तिकडे आले. त्यांचा संघ पुढच्या फेरीत गेला होता, तोंडाला आता ओल आली होती. ते राजेश्रीसमोर उभे राहिले आणि आधी तिच्या हातांकडे नीट बघून घेतलं.

"माळ नाही ना आता?"

"न्हाई," राजेश्री लाजली.

"मग उघड विचारतो. पुढच्या महिन्यात लातूरला विभागाचे सामने आहेत. आज पाहिलं मी. हिला बाजूला बसवलं, ही चूक माझी. आता नऊ जणींतच घेतो. बाटल्या नाहीत, काही नाही. पाठवाल?"

राजेश्रीच्या ओठावर काहीतरी आलं होतं. ते तिनं गिळलं. "तिलाच इचारा. ह्या घरात आता जो-तो आपल्या तोंडानं बोलणार हाय."

अर्पिता पेरूची बी दातांनी फोडत होती. नऊ जणींत म्हटल्यावर तिचा जबडा थांबला. तिला ते हवं होतं, हे राजेश्रीला लख्ख दिसलं. धम्मशीलालाही दिसलं, तिनं पेरू खाली ठेवला.

"सर, लातूरला मी येते," अर्पिता म्हणाली. "पण रोज संध्याकाळी गावात खेळणार."

"ढेकळात?"

"ढेकळं आमी फोडतो. धम्मी पाणी मारती."

"आणि पाय मुरगळला तर?"

"मुरगळला तर मुरगळला. मग लातूर न्हाई."

सर म्हणजे संघ चालवणारा माणूस. एकीला सूट दिली की पंधरा जणी उद्या दारात. "असं नाही चालत गं," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांनाच वाईट वाटलेलं दिसलं. "माझ्याकडे यायचं तर माझ्या नियमानं."

"मग न्हाई, सर."

"नक्की?"

"हो." ती उठली, उलटा शर्ट काढून द्यायला तंबूकडे निघाली, तर सरांनीच हातानं थांबवलं.

"राहू दे. पुढच्या वर्षी परत विचारीन."

"या की," राजेश्री म्हणाली. "संध्याकाळी आलात तर थोडं थांबा. च्या घेऊन जा."

"पिकअपला वाट द्या!" आप्पाराव ओरडले. परतताना राजेश्री पुढं बसली नाही. पोरींनी तिला हाताला धरून मागच्या हौद्यात ओढून घेतलं, सोयाबीनच्या उरल्यासुरल्या दाण्यांवर. गाडी सेलूच्या बाहेर पडली नाही तोच भांडण सुरू झालं. ऊसतोडीला गेलेली पोरगी परत येईपर्यंत नववी कोण, हे अर्पिता आल्यामुळे सुटलं होतं; पण उद्या खांबाजवळच्या चौकात कोण बसणार, हे सुटलं नव्हतं. धम्मशीलाचं म्हणणं, आता ती गडी मारणारी आहे, तेव्हा ती जागा तिची. बाकीच्या सात जणी एकदम ओरडल्या. अर्पिता मधे पडली, तर तिलाच गप्प केलं. चार महिने कुठं होतीस, म्हणून सुनावलं. तिनं ते ऐकून घेतलं, आणि वाऱ्यानं डोळ्यांवर आलेले केस मागे सारत, सगळ्यांच्या वरताण आवाजात, तीही भांडायला लागली.